पिळून गाळायचा फिल्टर: पोटासाठी उत्तम, पाणवठ्यासाठी बाकीचं काम आपलं

घ्यावा का? घ्या. जंगला-डोंगरात चालायला जात असाल आणि विकतच्या बाटल्यांची खोकी वाहायची नसतील, तर पिशवीतून पिळून पाणी गाळणारा होलो फायबर फिल्टर ही माझ्या पिशवीतली सगळ्यात कामाची वस्तू आहे. फक्त पाकिटावरचा मजकूर वाचून तो वापरू नका. पाकिटावर पिणाऱ्याचाच विचार असतो. ज्या डोहातून आपण पाणी घेतलं त्या डोहाचं काय, आणि संध्याकाळी तिथे उतरणाऱ्या चितळ-सांबरांचं काय, याबद्दल त्यावर एक ओळ नसते. म्हणून मी दोन्ही बाजूंनी लिहिते आहे.

मी नागपुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. आमचा बायकांचा चालण्याचा गट आहे. रामटेक, चिखलदरा, पचमढी आणि श्रावणातली नागद्वारी हे आमचे नेहमीचे रस्ते. या जातीचे दोन कंपन्यांचे फिल्टर मी वापरले. आतलं तंत्र दोन्हींत एकच, म्हणून कंपनीचं नाव न घेता जातीबद्दलच लिहिते.

वस्तू अगदी साधी आहे. तळहाताएवढी नळी, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. आत शेवयांच्या जुडीसारखे पोकळ तंतू असतात आणि त्यांच्या भिंतींना ०.१ मायक्रॉनची छिद्रं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पाणी भिंतीतून पलीकडे जातं, त्याहून जाड असेल ते अलीकडेच अडकतं. डायलिसिसच्या यंत्रात रक्त गाळणारे तंतू याच घराण्यातले. वीज लागत नाही, पंप नाही, वाट पाहणं नाही. पिशवी भरा, नळी बसवा, पिळा, बाटलीत पाणी.

०.१ मायक्रॉन म्हणजे किती, हे मला लॅबमुळे डोळ्यांनी माहीत आहे. शौचाच्या नमुन्यात आयोडीनचा थेंब टाकून काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की जिआर्डिया या पोट बिघडवणाऱ्या परजीवीची पुटी, म्हणजे त्याचं कवचातलं रूप, दिसते: अंडाकृती, पिकलेली असेल तर आत चार केंद्रकं. ती ८ ते १२ मायक्रॉनची. क्रिप्टोस्पोरिडियम या तशाच दुसऱ्या परजीवीची पुटी ४ ते ६ मायक्रॉनची. टायफॉइड, कॉलरा, हगवणीचे जिवाणू याहून बरेच बारीक, पण तेही साधारण अर्ध्या मायक्रॉनचे. म्हणजे हे सगळे या भिंतीपाशी थांबतात. "जंगलातलं पाणी प्यायलो आणि आठवडाभर पोट बिघडलं" म्हणून लॅबमध्ये येणाऱ्यांची काच बघताना मला नेहमी वाटतं, इतक्या छोट्या नळीने यातलं पुष्कळ टळलं असतं.

तरीही कंपनीच्या शब्दावर न राहता मी काळी पडणारी बाटली लावून पाहिली. ही तपासणी १९८२ साली भारतीय शास्त्रज्ञांनीच मांडली. छोट्या बाटलीत पोषक द्रव्य लावलेली कागदाची पट्टी असते. पाण्यात हायड्रोजन सल्फाइड तयार करणारे जिवाणू असतील तर एक-दोन दिवसांत बाटली काळी होते, आणि विष्ठेने दूषित पाण्यात असे जिवाणू हमखास सापडतात. महाग नसते, इन्क्युबेटरशिवायही चालते. एकाच ओढ्याचं पाणी एका बाटलीत तसंच घातलं, दुसरीत गाळून. कच्च्या पाण्याची बाटली दुसऱ्या दिवशी डांबरासारखी झाली, गाळलेली तशीच राहिली. ओढा दिसायला अगदी स्वच्छ होता, तळातले गोटे मोजता आले असते.

आता जे अडत नाही त्याबद्दल. हा भाग नीट वाचा, कारण दुकानदार हे सांगत नाही.

विषाणू या छिद्रांतून जातात. हिपॅटायटिस ए आणि ई, म्हणजे आपल्याकडची पाण्यातून होणारी कावीळ, यांचे विषाणू मायक्रॉनच्या काही शतांश भागाएवढे. जिथे माणसांची वस्ती किंवा यात्रा वरच्या अंगाला आहे, तिथे फक्त गाळलेल्या पाण्यावर विसंबू नका. दुसरा लेप्टोस्पायरा. जिवाणूच आहे, पण धाग्यासारखा, जाडी जेमतेम ०.१ मायक्रॉन, आणि मळसूत्रासारखा वळत बारीक छिद्रातूनही पुढे सरकतो. उंदीर, डुकरं, गुरं यांच्या लघवीतून तो साचलेल्या पाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतूनही शरीरात शिरतो. म्हशी बसतात किंवा रानडुकरं लोळतात ते डबकं गाळून पिण्याच्या भानगडीत पडू नये.

उपाय सोपा आहे. गाळलेलं पाणी खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळायचं. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं लागतात, पण सातपुड्यातलं सर्वांत उंच धूपगड साधारण १३५० मीटरचं, त्यामुळे आपल्याकडे एक मिनिट पुरतं. चूल पेटवायची सोय नसेल तर गाळल्यावर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबायचं. या दोघांची जोडी चांगली जमते: क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरीनला दाद देत नाही पण फिल्टरमध्ये अडकतो, विषाणू फिल्टरला दाद देत नाहीत पण क्लोरीनने मरतात. गढूळ पाण्यात नुसती गोळी टाकणं मात्र वाया जातं, क्लोरीन गाळावरच खर्च होतो.

आणि तिसरं, रसायनं. ती या फिल्टरने अजिबात थांबत नाहीत. कपाशीच्या पट्ट्यात फवारणीच्या दिवसांत शेताच्या कडेने वाहणारा नाला कितीही नितळ असो, तिथलं पाणी घ्यायचं नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्या शेतकरी-मजुरांचे जीव गेले ते आपण विसरलेलो नाही. जंगलात आणखी एक धोका असतो. उन्हाळ्यात पाणी आटलं की शिकारी उरलेल्या पाणवठ्यात युरिया किंवा कीटकनाशक कालवतात. मध्य भारतात हे घडत आलं आहे, म्हणून वनरक्षक उन्हाळ्यात पाणवठे तपासत फिरतात. पाण्याकाठी मेलेले पक्षी, मासे, बेडूक दिसले, पाण्याला विचित्र वास आला, तर ते गाळूनही पिऊ नका, हातही लावू नका. जागा लक्षात ठेवा आणि वनविभागाला (महाराष्ट्रात १९२६ या क्रमांकावर) लगेच कळवा. तुम्हाला प्यायला दुसरं पाणी मिळेल. त्या पाणवठ्यावर रात्री येणाऱ्या जनावराला नाही मिळणार.

फिल्टरची खरी परीक्षा नागद्वारीला होते. माहीत नसलेल्यांसाठी: पचमढीजवळची ही यात्रा नागपंचमीच्या सुमाराला थोडेच दिवस खुली असते, वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाते आणि चालणाऱ्यांत विदर्भातली माणसं सर्वांत जास्त. पाऊस, चिखल, निसरड्या उतरणी, आणि पावलोपावली ओढे. पाणी लालसर गढूळ. असं पाणी सरळ पिशवीत भरलं की दोन-तीन बाटल्यांनंतर पिळता पिळता मनगट दुखतं. हा सगळ्याच होलो फायबर फिल्टरांचा गुण आहे, गाळ छिद्रांत बसतो. त्यामुळे आधी पंचा चौपदरी करून स्टीलच्या डब्यात पाणी गाळून घ्यायचं, तुरटीचा खडा चारदा फिरवायचा, अर्धा तास निवळू द्यायचं, आणि वरचं पाणी हळूच पिशवीत घ्यायचं. मग हाच फिल्टर आमच्या अख्ख्या गटाला पुरतो.

तिथेच एका ओढ्यावर आम्ही थांबलो असताना एक मावशी म्हणाल्या, "अवं ताई, वाहतं पाणी आहे, त्याले काय होते? आम्ही पोरपणापासून हेच पिऊन राहिलो." त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, पण खरं सांगायचं तर त्यांच्या पोरपणी त्या वाटेवर एवढी माणसं नव्हती. ओढा वाहता असला तरी वरच्या वळणावर कोणी अंघोळ करतं, कोणी भांडी घासतं, आणि अंधारात कोणी परसाकडे बसलेलं असतं. वाहतं पाणी ते सगळं खाली घेऊन येतं.

आणि इथे मला फिल्टरवाल्यांबद्दलही बोलायचं आहे. हातात चांगला फिल्टर आला की माणूस निर्धास्त होतो. मला तर गाळून मिळणार, मग ओढ्यात पाय धुतले काय, साबण लावला काय! फिल्टर उलटा धुवायचा असतो, म्हणजे सिरिंजने स्वच्छ पाणी उलट दिशेने दाबून गाळ बाहेर काढायचा असतो. तो गाळ आणि त्यात अडकलेलं सगळं लोक ओढ्यातच सोडतात. मी हे वारंवार पाहिलं आहे. आपण गाळून काढलेलं, आता एकवटलेलं, पुन्हा त्याच पाण्यात. खालच्या वळणावर दुसरी बाई हंडा भरते आहे, तिच्याकडे फिल्टर नाही. हरणाकडे तर नाहीच.

नारू आठवून पहा. चाळिशीच्या पुढच्या वाचकांनी तो शब्द घरात ऐकला असेल. पायाला फोड येऊन त्यातून हळूहळू बाहेर निघणारा लांबच लांब जंत. नारू झालेला माणूस पायविहिरीत उतरायचा, फोड पाण्यात बुडला की जंताची पिल्लं पाण्यात सुटायची, सायक्लॉप्स नावाचा डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव ती खायचा, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून वर्षभराने नवा नारू निघायचा. यावर औषध नव्हतं, लस नव्हती. तरीही भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देशाला नारूमुक्त म्हटलं. कशाने? एक, घरोघरी पाणी फडक्याने गाळणं. दोन, पायविहिरी बंद करून किंवा बदलून पाण्यात माणसाचा पाय पडू न देणं, हातपंप बसवणं. फडक्याने पिणारा वाचला. पण विहीर वाचली ती पाय बाहेर राहिला म्हणून. नुसत्या फडक्यावर थांबलो असतो तर दर पिढीला गाळतच राहावं लागलं असतं.

पिळायचा फिल्टर हे आपलं नवं फडकं आहे. पाय बाहेर ठेवायचं काम त्याच्याकडून होत नाही.

ते कसं करायचं, ते आमच्या गटात ठरलेलं आहे. पाण्यापासून साठ मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण सत्तर पावलं. मुक्काम, भांडी, अंघोळ, दात घासणं, फिल्टर उलटा धुणं, सगळं त्या सत्तर पावलांच्या पलीकडे. पाण्याकाठी एकीनेच जायचं, लांब दांड्याच्या पळ्याने डबा भरायचा, पाण्यात उतरायचं नाही. त्याआधी हात कोरड्या फडक्याला पुसायचे, कारण हातावरचं मच्छरांचं मलम आणि सनस्क्रीन पाण्यात उतरतं. पावसाळ्यातल्या नदीत ते विरून जाईल, पण एप्रिलमध्ये परातीएवढ्या उरलेल्या डबक्यात बेडकांची पिल्लं असतात आणि विरायला पाणीच नसतं. "निसर्गात विरघळणारा" साबणही पाण्यात चालत नाही. तो कुजवणारे जिवाणू मातीत असतात, म्हणून साबणाचं पाणी लांब मातीवरच ओतायचं.

परसाकडे जाण्याबद्दल बायकांच्या गटात मोकळेपणाने बोललंच पाहिजे, नाहीतर अंधार पडल्यावर प्रत्येकजण मुक्कामाच्या जवळची जागा शोधते आणि ती बहुधा नाल्याची असते. उन्हाळ्यात कोरडा नाला फार सोयीचा वाटतो: मऊ वाळू, दोन्हीकडे काठाचा आडोसा. पण ती पाण्याचीच वाट आहे. मृगाचा पहिला जोरदार पाऊस ते सगळं उचलून खालच्या पाणवठ्यात नेतो. म्हणून उंचवट्यावर जायचं, खुरपीने वीतभर, १५ ते २० सेंटिमीटर खड्डा करायचा, आणि मातीने नीट बुजवायचा. कागद आणि पॅड पिशवीत घालून परत आणायचे. आमच्याकडे खुरपी फिल्टरच्याच पिशवीत असते, म्हणजे ती विसरत नाही.

नाला आटलेला असेल तर डबक्यात हात घालण्यापेक्षा वाळूत झिरा करणं बरं. आपल्याकडची जुनी रीत आहे. डबक्यापासून थोडं अंतर ठेवून वाळू उकरायची, पहिलं गढूळ पाणी उपसून बाजूला टाकायचं, आणि मग हळूहळू पाझरून येतं ते घ्यायचं. वाळूने बराच गाळ धरलेला असतो, फिल्टरवरचं ओझं कमी होतं आणि डबक्यातलं पाणी जनावरांना तसंच राहतं. निघताना झिऱ्याचा काठ उतरता करून ठेवायचा. वनविभाग पाणवठे बशीसारखे उथळ बांधतो ते याचसाठी, उभ्या काठाच्या टाक्यात लहान जनावर पडलं की बाहेर येत नाही.

नागद्वारीसारखी यात्रेपुरती खुली होणारी वाट सोडली, तर एका ठिकाणी मात्र हा फिल्टर बाहेर काढूच नका: व्याघ्र प्रकल्पातला पाणवठा. पेंच, ताडोबा, बोर, नागझिरा, कुठेही सफारीत तिथे पायी उतरायची परवानगी नसते आणि नसायलाच हवी. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसायला मिळालं तर पाणी घरून कॅन भरून न्यायचं. मचाणावरून मी सांबराच्या मादीला पाण्यावर येताना पाहिलं आहे. वीस-पंचवीस पावलांवर ती थांबते, कान फिरवते, एक पाऊल टाकते, पुन्हा थांबते. पाऊण तास लागतो कधी. तहान लागलेली असताना! पाण्याकाठी माणसाचा आवाज असेल तर ती येतच नाही. म्हणून साध्या जंगलातही, जिथे चालायला परवानगी आहे तिथे, आम्ही पाणी दुपारी भरतो आणि लगेच निघतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला पाण्याची जागा त्यांची.

नागपूरकरांना हे परकं वाटू नये. आपल्या नळाला येणारं बरंचसं पाणी पेंचचं आहे, तोतलाडोह आणि नवेगाव खैरीच्या धरणांतून आलेलं. वाघ ज्या नदीवर पाणी पितो तीच आपल्या माठात आहे.

आता खरेदीचं थोडं. मला तो साडेचार हजारांच्या आतबाहेर पडला, ऑनलाइन मागवला. एकट्यासाठी महाग वाटेल, चार-पाच जणींच्या गटाला अजिबात नाही, आणि विकतच्या पाण्याचा खर्च व रानात पडणाऱ्या बाटल्या दोन्ही वाचतात. नागद्वारीला सेवा देणाऱ्या मंडळांना मात्र हा पुरणार नाही. तिथे मोठ्या टाकीत तुरटी, निवळणं आणि क्लोरीन हाच मार्ग, आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला कोणी बसू नये म्हणून एक स्वयंसेवक.

सोबत मिळणारी पिशवी हा माझ्या मते सर्वांत कच्चा भाग. माझी शिवणीपाशी गळायला लागली. पिळताना मधोमध धरण्यापेक्षा खालून गुंडाळत आणली तर जास्त टिकते, आणि एक जादा पिशवी सोबत असावी. वाहत्या ओढ्यात ती भरते, उथळ पाण्यात भरत नाही, म्हणून वर सांगितलेला पळी-डबा हवाच. कच्च्या पाण्याच्या पिशवीवर आणि प्यायच्या बाटलीवर वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधा, काळोखात अदलाबदल होते. गाळलेल्या बाटलीच्या तोंडाला कच्चा थेंब लागला तरी सगळं फुकट जातं.

नळी दगडावर जोरात आपटली तर तंतू आतून तडकू शकतात आणि बाहेरून काही कळत नाही. अशी नळी पिण्याच्या पाण्याला पुन्हा वापरू नये. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवरही ठेवू नका, नागपूरचं ऊन प्लास्टिक सोडत नाही. घरी आल्यावर उलटी धुऊन, ब्लीचचे थोडे थेंब घातलेलं पाणी एकदा तिच्यातून काढून, सावलीत पूर्ण सुकवून ठेवा. पुढच्या वेळी नेण्याआधी घरीच भिजवून पाहा, सुकलेले तंतू सुरुवातीला पाणी सोडत नाहीत. आणि घेताना पाकिटात उलटं धुण्याची सिरिंज आहे ना ते बघा. नसली तर औषधाच्या दुकानात ६० मिलिलिटरची, लांब निमुळत्या तोंडाची मिळते, तीच चालते.